उसाच्या मळ्यापासून अग्निबाणापर्यंत

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील खुटबाव स्थानकाच्या आग्नेयेस, दौंड व बारामती तालुक्यांच्या सरहद्दी ओलांडल्यावर, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर लागते; आणि भारताच्या चंद्रमोहिमेचा इतिहास लिहू पाहणारास श्रीहरिकोट्याइतकेच या खेडवळ मुलखाचे दप्तरही चाळावे लागेल.

हा मुलूख मूळचा अवर्षणाचा व जिरायतीचा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले, तेव्हा कोठे नीरेचा डावा कालवा निघाला व १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी शिवारात खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला. आणि १९३२ साली परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी येथील कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला.

परंतु गाळपाच्या ऐन हंगामात चरक मोडला, तर तोडलेला ऊस पुण्या-मुंबईहून कारागीर येईपर्यंत थांबत नाही; त्यामुळे साखर कारखान्यास स्वतःची कर्मशाळा बाळगणे भागच असते. मळ्याच्या आश्रयाने वाढलेल्या या यांत्रिक विद्येने स्वातंत्र्यानंतर इतर कारखान्यांची यंत्रे घडविण्यापर्यंत मजल मारली, आणि १९७० नंतरच्या दशकात अंतराळ संशोधन संस्थेचे काम या गावी येऊ लागले.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ अग्निबाणाच्या दोन्ही अंगांस जे एस-२०० बूस्टर जोडलेले होते, त्यांच्या कवचाचे काही खंड येथे घडले. सुमारे ३.२ मीटर व्यासाची ही नळकांडी मॅरेजिंग पोलादाची, म्हणजे निकेल, कोबाल्ट व मॉलिब्डेनम मिसळून आणि तापवून कणखर केलेल्या लोखंडाची असतात. आतील घन इंधन अवघी दोनेक मिनिटे जळते, पण तेवढ्या अवधीत वेल्डिंगच्या सांध्यातील केसाएवढी चीरही सर्वनाशास पुरे. म्हणून प्रत्येक सांधा क्ष-किरणांखाली तपासून आणि कवचावर प्रचंड दाब देऊन मगच माल रवाना होतो.

२३ ऑगस्टला यान चंद्रावर उतरले, त्याचे श्रेय शास्त्रज्ञांना मिळाले आणि ते न्याय्यच होते. तथापि असले कसब फर्मान काढून एका रात्रीत निर्माण होत नाही; त्याच्या पाठीशी चरक दुरुस्त करीत तयार झालेल्या पिढ्या असाव्या लागतात. चंद्रमोहिमेचा प्रामाणिक जमाखर्च मांडावयाचा तर नीरेचा कालवा आणि त्यावर पोसलेला ऊस यांनाही जमेच्या बाजूस जागा द्यावी लागेल.