विलायत किती दूर?

‘मुंबईपासून लंडन किती दूर?’ हा प्रश्न वर्गांत मीं पुष्कळ वेळां विचारला. मुलें पुस्तकांतील आंकडा सांगत, आणि मीही तेवढ्यावर संतुष्ट होत असें. परंतु श्रोतेहो, या प्रश्नाचीं उत्तरें दोन आहेत. एक मैलांचें व दुसरें दिवसांचें. पहिलें कोणाच्या हातचें नाहीं. दुसरें मात्र मनुष्यानें पुनःपुन्हां बदललें आहे.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरला, तर तो इराण व काकेशस यांवरून जातो आणि अंतर सुमारें ४,५०० मैल भरतें. पण शिडाच्या जहाजाला हा दोरा काय कामाचा? आफ्रिकेला वळसा घालून त्यास १०,००० सागरी मैलांहून अधिक प्रवास करावा लागे. त्यांत चार ते सहा महिने जात. मुंबईंत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० सालीं सुमारें ३३ दिवसांत सुएझला पोंचली. तेथून वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्र गांठावयाचा, व पुन्हां बोट धरावयाची.

या विलंबाची किंमत कोणीं दिली? कंपनी सरकारनें १८३९ सालीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले व तेथें सुमारें चौदा वर्षें झगडले. ऑक्टोबर १८४७ मध्यें महाराज काशीस निवर्तले. ती वार्ता लंडनला जावयास कित्येक आठवडे लागले असतील. म्हणजे तितके दिवस हा स्वामिनिष्ठ वकील दिवंगत धन्यासाठींच न्याय मागत राहिला असावा. उशीर दोन्ही पक्षांस होता. परंतु ज्याच्या हातीं राज्य होतें त्याचें उशिरानें कांहींच बिघडत नव्हतें.

पुढें १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि जलमार्ग सव्वासहा हजार सागरी मैलांवर आला. १९२९ सालीं लंडनहून कराचीपर्यंत विमानाची टपाल सुरू झाली. ही मजल आठवड्याभराची असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून ती टपाल स्वतः विमान चालवून जुहूस आणिली. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघालें, आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबून लंडनला गेलें. आज विमान वाटेंत कोठेंही न थांबतां ९-१० तासांत तेथें पोंचतें.

मैल होते तितकेच आहेत. मात्र आतां उत्तरास उशीर झाला, तर त्याचा दोष कोणालाही समुद्रावर ढकलतां येणार नाहीं.