संदेशाचें आयुष्य आणि सातपुड्यांतील रक्तरोग

सातपुड्याच्या रांगा आणि तापी नदी यांच्यामधील प्रदेशांत भिल्ल, पावरा, तडवी इत्यादि समाजांची वस्ती फार जुनी आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढें तेच जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. सीमा अशा बदलत गेल्या. परंतु या डोंगरपट्ट्यांतील एक व्याधि मात्र कोणतीही सीमा न मानतां पिढ्यान् पिढ्या चालत आली. मुलाचे हातपाय अकस्मात् ठणकूं लागावे, डोळे पिवळे दिसावे, अंगांत त्राण राहूं नये, आणि घरच्यांस कारण मात्र उमगूं नये, असा तिचा प्रकार आहे. हिलाच आज सिकलसेल म्हणतात.

या व्याधीचा लेखी इतिहास दूरदेशीं सुरू होतो. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. १९४९ मध्यें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं मूळ दोष पेशींतील हिमोग्लोबिन या तांबड्या प्रथिनांत आहे असें दाखविलें. पुढें १९५६-५७ मध्यें केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं तो दोष नेमका कोठें आहे तें शोधून काढलें: बीटा नांवाच्या साखळींत सहाव्या ठिकाणीं ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलीन आलेलें असतें. एवढ्याशा फरकानें, प्राणवायु सोडून दिलेलें हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून ताठ दोरे बनवितें. पेशी वांकडी होते आणि बारीक रक्तवाहिनींत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही बहुधा १० ते २० दिवसांतच नाश पावते.

हिंदुस्थानांत या रोगाची ओळख १९५२ मध्यें झाली. त्या वर्षीं लेहमन व कटबुश यांनीं निलगिरींतील आदिवासींत ही पेशी असल्याचें नोंदविलें. महाराष्ट्रांत पुण्याचे डॉक्टर सुदाम काटे यांनीं या विषयास आयुष्य वाहिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत भिल्ल व पावरा यांची गणना, ज्यांच्यांत दोषवाहकांचें प्रमाण शेंकडा २० ते ३५ आहे, अशा जमातींत केलेली आहे. हें प्रमाण इतकें कां टिकलें, याचें उत्तर अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ मध्येंच आफ्रिकेंतील निरीक्षणावरून दिलें होतें: ज्यास हा दोष आई किंवा बाप यांपैकीं एकाकडूनच मिळतो, त्याचें घातक हिंवतापापासून बरेंच रक्षण होतें.

येथवर कथा एका अक्षराच्या चुकीची झाली. परंतु पेशींतील कारभार केवळ अक्षरांवर चालत नाहीं. १९६१ मध्यें ब्रेनर, जाकोब व मेसेल्सन यांनीं सिद्ध केलें कीं, वंशलेखावरून एक तात्पुरती नक्कल निघते आणि तिच्या आधारानें प्रथिन तयार होतें. या नकलेस संदेशवाहक आरएनए असें नांव आहे. कित्येक संदेश कांहीं मिनिटांत मोडून जातात, कित्येक दिवसभर टिकतात. संदेश जितका काळ टिकेल, तितकें प्रथिन अधिक. म्हणून त्याच्या मजकुराइतकेंच त्याचें आयुष्यही महत्त्वाचें आहे.

तें आयुष्य ठरविणारीं कांहीं प्रथिनें असतात. गांवच्या जागल्यानें वाड्याच्या दाराशीं बसावें, तशीं तीं संदेशास चिकटून बसतात. कांहीं त्याचें रक्षण करितात, तर कांहीं त्यास मोडणाऱ्यांच्या हवालीं करितात. तांबड्या पेशीस रक्षकांची गरज विशेष असते, कारण पूर्णत्वास येण्यापूर्वींच ती आपलें केंद्रक टाकून देते. त्यानंतर नवा संदेश निघत नाहीं. पुढील एकदोन दिवसांचें हिमोग्लोबिन जुन्या संदेशांवरच तयार करावें लागतें. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या संदेशास शेवटच्या भागांत एक रक्षक प्रथिन चिकटलेलें असतें, व त्यामुळें तो दीर्घकाळ टिकतो.

हा रक्षक गेला तर काय होतें, हें जमैकांतील कॉन्स्टंट स्प्रिंग येथील एका चिनी कुटुंबाच्या रक्तावरून कळलें. १९७१ मध्यें नोंदलेल्या या दोषांत अल्फा संदेशांतील पूर्णविरामाचें चिन्ह बिघडलेलें असतें. प्रथिन बनविणारें यंत्र शेवटास न थांबतां पुढें जातें, वाटेंतील रक्षकास ढकलून देतें, आणि संदेश अकालीं मोडतो. सिकलसेलमध्यें संदेशाचें आयुष्य शाबूत पण मजकूर चुकीचा. येथें साखळीचा मजकूर जवळजवळ बरोबर पण आयुष्य अल्प. परिणाम मात्र दोन्हीकडे रक्तक्षयच.

याच रक्षकांच्या जातीच्या एका प्रथिनाचा सिकलसेलशीं निकट संबंध निघाला. १९४८ मध्यें न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनीं पाहिलें कीं, दोष असलेलीं अर्भकें पहिले कांहीं महिने सुखरूप असतात. गर्भावस्थेंतील निराळें हिमोग्लोबिन त्यांना तारीत असावें, हा त्यांचा तर्क खरा ठरला. जन्मानंतर बीसीएल-११-ए हें प्रथिन त्या हिमोग्लोबिनचें उत्पादन थांबवितें, हें २००८ मध्यें कळलें. गर्भांत तें कां थांबवीत नाहीं, याचें एक कारण २०२० मध्यें उघड झालें: गर्भाच्या रक्तपेशींत लिन-२८-बी हें प्रथिन बीसीएल-११-एच्या संदेशास धरून बसतें व त्यावरून प्रथिन बनण्यास अडथळा आणतें. येथें संदेश मोडला जात नाहीं. तो केवळ मुका राहतो.

हायड्रॉक्सियुरिया नांवाचें जुनें औषध तें गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा वाढवितें. १९९५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील परीक्षेंत त्यानें प्रौढ रोग्यांच्या वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यानें कमी केले. बीसीएल-११-एचा अंमल रक्तपेशींपुरता कायमचा दुबळा करणाऱ्या जनुकोपचारास नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें मान्यता दिली. त्याचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आंवाक्याबाहेरचा आहे. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान आरंभिलें. ७ कोटि लोकांची तपासणी हें त्याचें उद्दिष्ट आहे.

धडगांव, अक्कलकुवा, यावल किंवा चोपडा येथील डोंगरांतल्या कुटुंबास या साऱ्या इतिहासांतून प्रथम एवढेंच हवें असतें कीं, विवाहापूर्वीं रक्त तपासलें जावें आणि आजारी मुलास औषध वेळेवर मिळावें. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. हा हिशेब समजणें हा त्या कुटुंबाचा हक्क आहे. पेशींतील संदेशाचें आयुष्य कोण सांभाळतो, हें प्रयोगशाळांनीं शोधून काढलें. तें ज्ञान डोंगरांतल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोंचविण्याचें काम अद्याप पुष्कळ उरलें आहे.