मध : औषधी उपयोग आणि धोके

मधमाशा फुलांतला मकरंद मधपिशवीतून पोळ्यात आणतात, त्यात आपले पाचकरस मिसळतात आणि पंखांनी वारा घालून पाणी आटवतात. उरतो तो मध. शंभर ग्रॅम मधात सुमारे ३८ ग्रॅम फ्रुक्टोज, ३१ ग्रॅम ग्लुकोज, १७ ग्रॅम पाणी आणि तीनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. जीवनसत्त्वे व खनिजे इतकी थोडी की केवळ त्यांच्यासाठी मध खाण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात तो आग्या, सातेरी व फुलोरी या देशी माशांपासून आणि पेट्यांत पाळलेल्या मेलिफेरा जातीच्या माशांपासून मिळतो. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार दिले आहेत आणि व्रणावर मध लावण्याचा उपचारही सांगितला आहे. त्या जुन्या उपचाराची आधुनिक पद्धतीने परीक्षा झाली ती सोलापुरात.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील (स्थापना १९६३) शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त एक छोटा निबंध छापला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण त्यांनी घेतले. ५२ जणांच्या जखमांवर मध लावला आणि ५२ जणांना त्या काळचे ठरलेले औषध, सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्क्यांमध्येच संसर्ग आटोक्यात आला. पंधरा दिवसांत बऱ्या झालेल्या जखमांचे प्रमाण मधाच्या गटात ८७ टक्के होते, मलमाच्या गटात १० टक्के. वेदना कमी, वण कमी आणि खर्चही कमी, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मधाची तुलना कृत्रिम पातळ पडद्याशी, गर्भवेष्टनाशी आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालींशीही केली. सालींचे नाव वाचून हसू नये, भाजलेल्या जखमेवर त्या खरोखर वापरल्या जात.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मधात साखर इतकी दाट असते की ती जंतूंतले पाणी ओढून घेते. मध आंबटही असतो, सामू चारच्या आसपास. शिवाय माशीने मिसळलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर जखमेतल्या ओलाव्यात जागे होते आणि थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. मध जखम ओलसर ठेवत असल्याने पट्टी तिला फारशी धरत नाही, म्हणून ती बदलताना रुग्ण कमी ओरडतो. या शेवटच्या गुणाचे मोल जळित विभागात काम केलेल्यालाच नीट कळेल.

तरीही १९९१ चे आकडे जपून वाचावेत. मधाचा विजय जेवढा मोठा दिसतो, तेवढाच मलमाचा पराभवही संशयास्पद आहे. सुब्रह्मण्यम यांच्याच १९९८ च्या चाचणीत सातव्या दिवशी त्वचा धरण्याचे प्रमाण मधाने ८४ टक्के आणि मलमाने ७२ टक्के निघाले, म्हणजे दरी बरीच बुजली. सिल्व्हर सल्फाडायझिन जखम भरण्यास उलट उशीर लावते, असे पुढे दिसून आले, तेव्हा त्याला हरवणे ही फार मोठी कसोटी नव्हे. १९९९ मध्ये त्यांनीच आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला : मध्यम प्रमाणात भाजलेल्यांमध्ये मधाच्या पट्टीपेक्षा लवकर शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करणे सरस ठरते. आपल्याच लाडक्या उपायाची मर्यादा छापून सांगणारा संशोधक विरळा. कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार अंशतः खोल भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. मधुमेही पायाच्या जखमा किंवा इतर जुनाट जखमांबाबत मात्र पुरावा पुरेसा नाही.

यावरून कोणी स्वयंपाकघरातली बाटली भाजल्या जागी ओतू नये. रुग्णालयांत आज वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, घरच्या मधात जिवाणूंचे बीजाणू असतात. भाजल्यावर पहिला उपाय म्हणजे वीस मिनिटे वाहते गार पाणी. त्यानंतर रुग्णालय गाठावे.

पोटात घेण्याच्या मधाचा भक्कम उपयोग एकच : खोकला. सितोपलादी चूर्ण मधातून चाटवणारी आजी इथे बरोबर ठरते. एक वर्षावरील मुलांना रात्री झोपताना चमचाभर मध दिल्यास खोकल्याचा त्रास आणि जाग कमी होते, असे चाचण्यांतून दिसते. ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१८ मध्ये साध्या खोकल्यावर प्रतिजैविकाआधी मधाचे नाव घेतले. वजन उतरवणे, ‘रक्त शुद्ध करणे’ वगैरे दावे जाहिरातीत शोभतात. मधुमेह्याने तर मध ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त होऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मधाला साखरेच्याच हिशेबात धरते, आणि रक्तातली शर्करा तो वाढवतोच.

भेसळ हा दुसरा धोका. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या १३ ब्रँडपैकी ३ च सर्व कसोट्यांवर उतरले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाचा संशय निघाला. घरगुती परीक्षा, म्हणजे पाण्यात थेंब टाकणे, कापसाची वात पेटवणे, कुत्रा चाटतो का पाहणे, या भेसळीपुढे निरुपयोगी आहेत. उलट गोठलेला मध नकली समजून लोक फेकतात, ही चूक सोलापूर भागात सहज होते. या भागात सूर्यफूल पिकत आले आहे आणि सूर्यफुलाचा मध इतरांपेक्षा लवकर रवाळ होतो. कोमट पाण्यात बाटली ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. खरी काळजी उन्हाळ्याची. पारा चाळीसच्या वर असताना पत्र्याखाली ठेवलेला मध काळपट होतो आणि त्यात हायड्रॉक्सिमिथिल फर्फ्युरल वाढते. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आणि पाण्याची २० टक्के आहे. पाणी त्याहून जास्त असेल तर मध आंबू लागतो. तो सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवावा.

सर्वांत गंभीर धोका बाळाला. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निपचित राहतात, पण वर्षाखालील बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजून मज्जातंतू बधिर करणारे विष तयार करतात. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. आधी बाळाला बद्धकोष्ठ होते, मग पापण्या जड होतात, रडणे क्षीण होते, दूध ओढवत नाही, मान टाकली जाते आणि अखेर श्वासाचे स्नायूही थकतात. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत, आणि बाटलीवरची ‘अस्सल’ ही खूणही येथे कामाची नाही, कारण बीजाणू अस्सल मधातही असतात.

आपल्याकडे जन्मताच सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवण्याची रीत जातकर्म संस्काराइतकी जुनी आहे. बाळगुटीही काही घरांत मधात उगाळतात. गुटीतल्या ज्येष्ठमधाचा मधाशी संबंध फक्त नावापुरता आहे, ते एका झुडपाचे मूळ. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको आणि पहिले वर्ष मध नको, हे बाळंतिणीच्या घरी येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. सोन्याची अंगठी बाळाच्या ओठांना लावायचीच असेल तर आजीने ती जरूर लावावी. स्वच्छ धुऊन, कोरडी.