कांस्याची मोठी उडी

फिनलंडची ऑलिंपिक कीर्ती धावपटूंच्या नावे जमा झाली. तिहेरी उडीतला विल्हो टूलोस त्यामुळे मागे पडला, हा त्याच्यावर अन्यायच. 1920 मध्ये अँटवर्पला 14.505 मीटरवर त्याने सुवर्ण जिंकले. 1924 ला पॅरिसमध्ये 15.37 मीटर उडी मारूनही कांस्यच मिळाले; ऑस्ट्रेलियाच्या निक विंटरने 15.525 चा विश्वविक्रम करून सुवर्ण नेले. अँटवर्पला स्पर्धाच सौम्य होती, असा आक्षेप घेता येईल. मान्य, पण मग पदकाच्या रंगावरून कारकीर्द मोजणेच चुकीचे ठरते. तिहेरी उडीत ज्या पायाने उसळी घ्यायची त्याच पायावर पडायचे, मग दुसऱ्या पायावर, आणि शेवटी वाळूत: प्रत्येक टप्प्यात घोट्यावर, गुडघ्यावर प्रचंड भार. तो सोसत 1928 ला, तेहतिसाव्या वर्षी, टूलोसने ॲमस्टरडॅमला 15.11 मीटर गाठले. विजेत्या मिकिओ ओदापेक्षा फक्त दहा सेंटिमीटर कमी.