बुंदाचे कुळ आणि अग्नीचा संस्कार

कॉफीच्या दाण्यास जुन्या मराठीत ‘बुंद’ म्हणत. हा शब्द आता बोलण्यातून गेला आणि त्याच्या जागी इंग्रजीतून आलेला ‘कॉफी’ हा शब्द रूढ झाला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता जुना शब्दच अधिक सरळ वाटेने आला होता. अरबी भाषेत पेयास ‘कहवा’ आणि दाण्यास ‘बुन्न’ म्हणतात; इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत तर दाण्यास आणि पेयास आजही ‘बुन्ना’ हे एकच नाव आहे. तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर नांदणारा हा शब्द अरबांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यास उतरला आणि मराठी वाणसामानात येऊन बसला. शब्द आला, दाणाही आला. पण दाण्याच्या अंगची मूळ चव मात्र आपल्या पेल्यापर्यंत क्वचितच पोहोचली. ती वाटेत कोठे हरवली, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो; कारण त्यात केवळ आपल्या जिभेचा नव्हे, तर दाणा पिकविणाऱ्याच्या पोटाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

जगात श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या अरेबिका जातीच्या नावात अरबस्तान असले, तरी तिचे माहेर अरबस्तान नव्हे. इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातील, काफाच्या परिसरातील दाट अरण्यांत ही झाडे आपोआप वाढतात. काल्दी नावाच्या गुराख्याच्या शेळ्या लाल फळे खाऊन बागडू लागल्या आणि त्यावरून मनुष्यास कॉफीचा शोध लागला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु ती प्रथम आढळते १६७१ साली रोम येथे प्रसिद्ध झालेल्या एका लॅटिन ग्रंथात. म्हणून इतिहास या नात्याने तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. भरवशाचा पुरावा मिळतो तो पंधराव्या शतकातील येमेनचा. तेथील सूफी साधक रात्रीच्या जागरणात हे पेय घेत. पुढे येमेनच्या मोखा बंदरातून कॉफी देशोदेशी जाऊ लागली आणि बंदराचे नाव हेच मालाचे नाव होऊन बसले.

हे नाव मोठे पोटात घेणारे निघाले. इथिओपियाच्या पूर्वेकडील हरार प्रदेशात पिकलेला दाणा उंटांच्या तांड्यांबरोबर समुद्रकाठच्या बंदरांस येई, समुद्र ओलांडी आणि ‘मोखा’ म्हणून विकला जाई. पिकला एका गावी आणि नावारूपास आले दुसरे गाव! बुंदाच्या इतिहासात मूळ गावाचे नाव पुसले गेल्याचा हा पहिला ठळक प्रसंग होय.

मराठी वाचकांस हा मुलूख सर्वस्वी परका नाही. आपल्या बखरींतून वारंवार येणारा ‘हबशी’ हा शब्द हबश, म्हणजे इथिओपिया, या नावावरूनच आला आहे. निजामशाहीचा आधारस्तंभ ठरलेला मलिक अंबर त्या देशात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत येऊन राज्याचा कारभारी झाला. १६१० साली त्याने वसविलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. ‘अंबर’ हे नावदेखील त्याच्या आईबापांनी ठेवलेले नव्हे. ते धन्याने दिलेले होते. माणसे आणि दाणे एकाच समुद्रावरून जात होती, आणि विकत घेणाऱ्याने नाव ठेवावे ही रीत दोघांनाही सारखीच लागू होती.

पुढे १८३९ साली इंग्रजांनी एडन घेतले आणि १९३२ पर्यंत ते मुंबईच्या कारभाराखाली राहिले. एडनचे नाव निघताच मराठी मनास आठवण होते ती वासुदेव बळवंत फडके यांची. तेथील तुरुंगातच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच एडनच्या पेठेत हरारची कॉफी येत असे. १८५५ च्या जानेवारीत हरार नगरीत शिरलेला रिचर्ड बर्टन हाही मुंबईच्या लष्करातील अधिकारी होता आणि त्याने मराठीची परीक्षाही दिली होती. आफ्रिकेच्या बुंदाचा आणि मुंबईच्या दप्तराचा संबंध असा जवळचा होता. तरीही हरारची चव म्हणून काही निराळी वस्तू आहे, हे मराठी घरांस ठाऊक झाले नाही.

हिंदुस्थानात कॉफी पिकू लागण्यापूर्वीच ती येथे प्यायली जात होती. १६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम मांडू येथे असताना इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. धर्मनिष्ठेमुळे मद्य वर्ज्य मानणारे लोक काळे बी पाण्यात उकळून पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पाण्याचा रंग पालटतो, पण चव फारशी पालटत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. मांडू आज मध्य प्रदेशातच आहे. तेव्हा या प्रांतात कॉफी कालपरवा आली, हा समज चुकीचा ठरतो. टेरीच्या वर्णनावरून हे पेय बरेच पातळ असावे आणि त्यात दुधाचा संबंध नसावा, असे आम्हांस वाटते. लागवडीचा आरंभ परंपरा बाबा बुदन यांच्याकडे देते. त्यांनी १६७० च्या सुमारास येमेनहून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावले, असे सांगतात. दाण्यांची संख्या श्रद्धेचा विषय असो. पण आपण ज्यास ‘मद्रासी’ कॉफी म्हणून ओळखतो, तिचे कुळ आफ्रिकेचेच, यात शंका नाही.

आता चवीच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. कच्चा बुंद फिकट हिरवा आणि कठीण असून त्याचा वास वाळल्या गवतासारखा असतो. तो तसाच उकळला तर कॉफी होत नाही. कॉफीस कॉफीपण येते ते भाजण्याने, आणि भाजणे म्हणजे काय हे मराठी गृहिणीस निराळे शिकवावे लागत नाही. थालीपिठाच्या भाजणीचे धान्य भाजताना खमंग, खरपूस आणि करपट या तीन पायऱ्या ती नुसत्या वासावरून ओळखते. बुंदाच्याही याच तीन पायऱ्या आहेत.

कच्च्या दाण्यात शेकडा दहा ते बारा भाग पाणी असते. आच लागली की प्रथम ते निघून जाते आणि दाणा पिवळा पडतो. सुमारे दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी संयोग पावून तपकिरी रंग व खमंग वास उत्पन्न करतात. शेंगदाण्यास वा रव्यास भाजल्यावर खमंगपणा येतो तो याच क्रियेने. दोनशे अंशांच्या आसपास आतील वाफेचा दाब न सोसून दाणे लाह्यांसारखे तडतडतात आणि फुगतात. ही पहिली तडतड. तेथून पुढे आच चालूच ठेवली, तर सव्वादोनशे अंशांच्या सुमारास दुसरी, बारीक तडतड ऐकू येते. दाणा काळपट होतो आणि त्याच्या अंगावर तेल चमकू लागते. हा सारा प्रकार बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि तेवढ्यात दाण्याचे वजन शेकडा बारापासून वीसपर्यंत घटते.

या दोन तडतडींच्या मध्ये जी थोडी मिनिटे जातात, त्यांतच दाण्याच्या कुळाचा निकाल लागतो. पहिल्या तडतडीनंतर लवकरच दाणा उतरविला, तर मातीने, उंचीने, हवेने आणि फळ सुकविण्याच्या रीतीने त्यास जे दिले ते पेल्यात उतरते. इथिओपियातील यिर्गाचेफे येथील धुतलेल्या दाण्यात अशा वेळी जाईसारखा गंध आणि लिंबाच्या सालीचा ताजेपणा आढळतो. हरारला फळ सालीसकट उन्हात वाळवितात. तेथील दाण्यास पिकल्या जांभळा-करवंदांची आठवण करून देणारा गोड, किंचित आंबूस वास असतो. केनियाच्या दाण्याचा आंबटपणा याहून धीट आणि रसरशीत असतो. अरेबिकेच्या माहेरास लागून असूनही केनियात तिची लागवड सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मिशनऱ्यांच्या हस्ते. आणि तेथील नामांकित वाण नैरोबीजवळच्या स्कॉट प्रयोगशाळेने १९३० नंतरच्या दशकात निवडले. पण हे तिन्ही दाणे दुसऱ्या तडतडीच्या पलीकडे नेऊन काळे केले, की फुले, फळे आणि आंबटपणा जळून जातात व कडू, धुरकट अशी एकच चव उरते. मग हरार कोणते आणि यिर्गाचेफे कोणते, हे जाणत्यासही सांगणे कठीण.

इथिओपियात पाहुणा आला म्हणजे यजमानीण त्याच्यासमोरच बुंद धुते, लोखंडी तव्यावर भाजते आणि सुगंधी धूर पाहुण्यांपुढे फिरवते. मग ते दाणे उखळात कुटून मातीच्या सुरईवजा भांड्यात कॉफी उकळतात आणि ती तीन वेळा देतात. भाजणे हे तेथे आतिथ्याचे अंग आहे. आपल्याकडे मात्र ते पुढे दुकानदाराच्या भट्टीचे काम झाले, आणि त्या भट्टीची आच अधिकाधिक कडक होत गेली.

यास कारणे होती, आणि ती अडाणीपणाची नव्हती. १८६९ साली सिंहलद्वीपात कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि लवकरच तो दक्षिण हिंदुस्थानात पसरला. अरेबिकेचे मळे खचले. तेव्हा रोगास दाद न देणारी रोबस्टा ही जात पुढे आली. तीही आफ्रिकेचीच, काँगोकडची. पण चवीस राकट आणि कडवट. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे शेकडा सत्तर भाग रोबस्टाच असते. शिवाय चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळण्याची चाल पडली. शंभरात एकोणपन्नास भागांपर्यंत ती मिसळण्यास आजही कायद्याची मुभा आहे. त्यातून आपली कॉफी म्हणजे आटीव दूध, साखर आणि वर जायफळ. एवढ्या गर्दीतून कॉफीने आपले अस्तित्व दाखवावयाचे, तर तिला कडक भाजण्यावाचून गत्यंतर नव्हते. दूध वाढले तशी आच वाढली, आणि आच वाढली तसे दाण्याचे कुळ लोपले.

व्यापारी व्यवस्थेनेही तेच केले. १९४० नंतर कॉफी मंडळाच्या योजनेत मळेवाल्यांचा माल एकत्र गोळा करून दर्जाप्रमाणे विकला जाई. ही पद्धत १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपली. तिने पडत्या काळात मळेवाल्यास तारले, हे खरे. पण कोणत्या डोंगराचा दाणा कोणत्या पेल्यात गेला, हे कळण्याची सोय तिने ठेवली नाही. १९३६ साली मुंबईस चर्चगेट येथे निघालेल्या कॉफीगृहाने जी परंपरा सुरू केली, तिच्यातील गृहे मंडळाने बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापिल्या. १९५७ साली बंगळूरला पहिली संस्था निघाली. पुढे नागपूर, पुणे, मुंबई आणि आमचे जबलपूर येथेही अशा संस्था झाल्या. या कॉफीगृहांनी परगावी नेमणुकीवर आलेल्या किती मराठी मंडळींस आसरा दिला, हे सांगावयास नको. तेथे माणसांची गावे एकमेकांस कळत. दाण्याचे गाव मात्र कोणी विचारीत नसे.

हे विचारण्याचे महत्त्व इथिओपियाने ओळखले. २००५ साली त्या देशाने हरार, सिदामो आणि यिर्गाचेफे ही नावे अमेरिकेत आपली व्यापारचिन्हे म्हणून नोंदवून घेण्यासाठी अर्ज केले. तेथील व्यापाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली. अखेर २००७ साली एका बड्या कंपनीशी करार होऊन वाद मिटला. एवढा खटाटोप कशासाठी? नाव असलेल्या दाण्यास मिळणारी अधिक किंमत नाव ज्याचे त्याच्या पदरात पडावी, यासाठी. आपल्याकडेही २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर व बाबाबुदनगिरी येथील अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि अरकूची अरेबिका यांस भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात कॉफी होते ती सातपुड्यातील चिखलदऱ्यास. १९५६ च्या नोव्हेंबरापूर्वी चिखलदरा आणि जबलपूर ही दोन्ही एकाच प्रांतात होती, हे येथील मराठी अधिकाऱ्यांपैकी तरी किती जणांच्या ध्यानात असेल?

आज विजय नगरसारख्या जबलपूरच्या नव्या वसाहतीत राहूनही आफ्रिकेचा वा चिकमगळूरचा दाणा टपालाने मागविता येतो. तेव्हा वाचकांस आमची विनंती इतकीच, की मागविताना तीन गोष्टी विचाराव्यात : दाणा कोणत्या गावचा, फळ धुऊन काढले की सालीसकट वाळविले, आणि भाजले केव्हा व किती. भाजल्यावर काही दिवस दाण्यातून वायू निघत असतो, तोवर थांबावे. पण महिन्याहून फार काळ ठेवू नये, कारण वास उडून जातो. दळावे ते ऐन वेळी. आणि निदान पहिले चार घोट दुधावाचून घ्यावेत.

जायफळाची दुधाळ कॉफी टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिचे स्थान मराठी घरात अढळ आहे आणि ती कडक भाजलेल्या बुंदाचीच व्हावी, हेही योग्य. परंतु बेताच्या आचेने दाण्याचे कुळ उघडे होते आणि अवाजवी आचेने ते झाकले जाते, हे एकदा जिभेस कळले, म्हणजे दाणा कोठला हे विचारण्याची सवय आपोआप जडते. आणि ग्राहक विचारू लागला, तरच दुकानदार ते नाव पुडक्यावर लिहील, व तरच हरारच्या वा चिखलदऱ्याच्या शेतकऱ्यास त्या नावाचा मोबदला मागता येईल.