लाकडाची साक्ष

दापोडीतल्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा ठेकेदार म्हणाला, "सर, लाकूड सगळं काढून टाका. स्लॅब टाकू, कटकट मिटेल." अब्बा काहीच बोलले नाहीत. पणजोबांनी उभा केलेल्या मधल्या खांबावर हात ठेवून उभे राहिले. शाळेत मुलांना इतिहास शिकवणारा मी घरचा इतिहास वखारीला विकायला निघालो होतो.

अशा घराचा भार भिंती नव्हे, लाकडी सांगाडा पेलतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. भिंत म्हणजे नुसता मधला भराव. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचे हेच लाकूड गेले. तट, बुरूज, जोती राहिली. वाडा राहिला नाही. १८०७च्या विश्रामबागवाड्यालाही १८७९मध्ये आग लागली. पण तिथला जळालेला भाग पुन्हा उभारला गेला, म्हणून सुरूच्या आकाराचे ते कोरीव खांब आजही पाहायला मिळतात. वाड्यांतल्या खांबांमधल्या नक्षीदार कमानीला मराठीत महिरप म्हणतात. आपल्या मशिदीतला 'मेहराब' तोच हा शब्द. भाषांनीही असे एकमेकींच्या घरात खांब रोवले आहेत.

आणि लाकूड? याच दापोडीत एके काळी मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. १८३८पासून तिची देखरेख करणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जहाजबांधणीसाठी साग इतका तोडला जात होता की, जंगल राखायला अधिकारी नेमावा लागला. तो गेला आमच्या गावातून! सावकाश वाढलेल्या त्या झाडांचे लाकूड आज मागून मिळत नाही.

शेवटी जुन्या सुताराला बोलावले. त्याने एकेक खांब ठोकून पाहिला. फक्त दोन खांबांचे पाय कुजले होते. दोष लाकडाचा नव्हता. मागे आम्हीच सिमेंटचा गिलावा चढवून ओल कोंडली होती. त्याने तुळईला टेकू दिले, कुजका भाग कापला आणि जुन्याच सागाचा तुकडा खाच पाडून सांधला. गिलावा चुन्याचा केला; त्यातून ओल बाहेर पडते.

आपल्या जुन्या मोहल्ल्यांत अशी घरे अजून आहेत. दुरुस्ती काढाल तेव्हा एवढेच करा : आधी सुताराला बोलवा, मग ठेकेदाराला.