पाठीतलं इंजेक्शन आणि आजीची गोळी

बसमध्ये हेडफोन विसरलात? काळजी नको, हा घ्या आजच्या एपिसोडचा मजकूर.

गेल्या वर्षी पिंपळगाव राजाला आमच्या अंगणात आजी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला नेलं, ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

बाबा म्हणाले, "बीपीची अन् शुगरची. बाकी काही नाही." मीही मान हलवली.

स्ट्रेचरवरून आजी बोलली, "अन् ते रक्त पातळ व्हायची गोळी कोन खाते मंग? मी नाही तं?"

स्टेंट टाकल्यापासून ती क्लोपिडोग्रेल घेत होती. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ऐन वेळी आठवलं फक्त तिलाच. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचं ठरलं होतं. मॅडमनी ते रद्द केलं आणि पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं. एका गोळीने एवढं काय बिघडतं, म्हणून मी याचा इतिहास वाचत बसलो.

सुरुवात जर्मनीतल्या कील शहरात. ऑगस्ट १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या सर्जनने एका मजुराच्या पाठीत कोकेन टोचून पायाचं ऑपरेशन केलं. मग तो आणि त्याचा सहकारी हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवरच केला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, सिगारचा चटका देऊन पाहिला, त्याला काही कळेना! नंतर मात्र बीअर डोकेदुखीने नऊ दिवस आडवा होता. पुढे १९२१ मध्ये स्पेनच्या फिदेल पाखेस याने एपिड्युरलची पद्धत मांडली.

आता धोका कुठे आहे ते बघा. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. सुई एखाद्या शिरेला लागू शकते. एरवी रक्त लगेच गोठतं आणि विषय संपतो. पण रक्त गोठतच नसेल, तर ते साचत जातं. बाजूला हाड, पसरायला जागा नाही, त्यामुळे दाब सरळ मज्जारज्जूवर येतो. पाय कायमचे लुळे पडू शकतात.

हे दुर्मिळ आहे, खूप दुर्मिळ. १९९४ मध्ये संशोधकांनी १९०६ पासूनच्या नोंदी चाळल्या, तर अख्ख्या जगातून ६१ केस सापडल्या. त्यातल्या ४२ जणांच्या रक्त गोठण्यातच अडचण होती.

मग अमेरिकेत एक गोष्ट घडली. तिथे १९९३ मध्ये एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन आलं. युरोपात ते आधीपासून वापरात होतं, दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम. अमेरिकेत डोस ठरला दर १२ तासांनी ३० मिलिग्रॅम. आमच्या भाषेत सांगायचं तर युरोपातल्या सिस्टिमला रोज मेंटेनन्ससाठी थोडा वेळ मिळत होता. औषधाचा जोर ओसरला की सुई टोचायची किंवा नळी काढायची. अमेरिकेत ती फटच उरली नाही. सुई सुरक्षित, औषधही सुरक्षित, पण दोन्ही एकत्र आले की क्रॅश! डिसेंबर १९९७ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांना जाहीर इशारा द्यावा लागला. १९९८ मध्ये तज्ज्ञांनी बसून नियम केले. त्यांचा गाभा साधा होता: कोणतं औषध, शेवटचा डोस कधी, आणि त्यानंतर किती तास किंवा दिवस थांबायचं.

सगळ्यांचा धोका सारखा नसतो, हे स्वीडनने २००४ मध्ये दाखवलं. दहा वर्षांतल्या सुमारे १७ लाख इंजेक्शनांत असा रक्तस्राव ३३ जणांना झाला. बाळंतपणात एपिड्युरल घेणाऱ्या बायकांत प्रमाण २ लाखांत एक होतं. गुडघा बदलताना एपिड्युरल घेतलेल्या बायकांत मात्र ३,६०० मध्ये एक. म्हणजे मैत्रिणीच्या सिझेरियनचा अनुभव आजीला लागू होत नाही.

म्हणून पाठीतल्या इंजेक्शनला घाबरू नका. दरवर्षी लाखो लोकांना ते नीट दिलं जातं. एवढंच करा: घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा आजच फोटो काढून फोनमध्ये ठेवा. हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि ऑपरेशननंतर बधिरपणा ठरलेल्या वेळेत उतरला नाही, किंवा उतरून पाय परत जड पडले, तर सकाळची वाट बघू नका, लगेच सांगा. त्या जुन्या नोंदींत पाय गेल्यावर आठ तासांच्या आत ऑपरेशन होऊन दाब काढलेले लोकच जास्त सावरले होते.

आजी आता काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाते. गोळ्यांचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. तो काढताना ती म्हणाली, "माह्याच फोटो काढ, गोळ्यायचा कायले काढतं?" मग दोन्ही काढले.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!